एकशे ऐंशी ग्रॅमचे रसग्रहण

रविवार श्रवण मंडळात रसग्रहण आधी लिहायचे आणि संगीत नंतर ऐकायचे, अशी पद्धत होती. बाहेरच्या माणसाला ही उलटी गंगा वाटेल, पण मंडळातल्या एकालाही तसे वाटत नसे, कारण हे सगळे नियमावलीत होते. नियम सातवा: रेकॉर्डचे सील सभेसमक्ष फोडावे. (पूर्वी एका सभासदाने घरून ओरखडा पडलेली रेकॉर्ड आणली आणि ओरखडा मंडळाच्या सुईने पडला असा कांगावा केला, तेव्हापासून.) नियम आठवा: रसग्रहणाचा लेखी मसुदा सभेच्या तीन दिवस आधी चिटणिसांकडून मंजूर करून घ्यावा. आता हे दोन्ही नियम एकदम पाळायचे तर न ऐकलेल्या संगीताचे रसग्रहण लिहिण्यावाचून गत्यंतर नव्हते. सोळा वर्षे सगळे सभासद ते बिनबोभाट लिहीत आले होते, आणि एकाचेही रसग्रहण आजवर चुकले नव्हते.

मापेसाहेबांची पाळी यायला मात्र नऊ वर्षे लागली.

मापेसाहेब हे काही त्यांचे खरे नाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते आणि हे नाव त्यांना दुकानदारांनी बहाल केले होते, ते दुकानाबाहेर पडल्यावर. साहेबांना लाच चालत नसे, चहा चालत नसे, दुकानात दिलेली खुर्चीसुद्धा चालत नसे. कापडवाल्याची मीटरपट्टी ते उन्हात नेऊन पाहत. पेट्रोल पंपावर पाच लिटरचे माप भरताना वरचा फेस बसेपर्यंत थांबत, मागे कितीही गाड्या बोंबलोत. असा माणूस मंडळात नऊ वर्षे खुर्च्या मांडत होता आणि सभा संपल्यावर त्याच खुर्च्या मोजून परत ठेवत होता.

त्याचे कारण त्यांना स्वतःला माहीत होते आणि ते त्यांनी जिवापाड लपवले होते. मापेसाहेबांना संगीत ऐकून काही म्हणजे काही होत नसे. अडचण सूर-ताल न कळण्याची नव्हती. ते अर्ध्या मंडळाला कळत नव्हते आणि त्याने कोणाचे अडत नव्हते. पण बाकीच्यांना निदान काहीतरी होत असे. दाताच्या डॉक्टरांचे डोळे मिटत. अध्यक्ष, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना सगळे सर म्हणत, ते दीर्घ श्वास सोडत. मापेसाहेब डॉक्टरांचे बघून डोळे मिटत, सरांचे ऐकून श्वास सोडत आणि सगळ्यांची मान हलली की अर्ध्या सेकंदाने आपली हलवत. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांना वाटे, सगळी माणसे तयार होताना आत काहीतरी एक बसवतात, ते आपल्यात बसवायचेच राहून गेले. हे कोणाला कळले तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही, ही एक धास्ती. आणि एकदा, आयुष्यात एकदाच, त्या टेबलामागे उभे राहून आपणही कळणाऱ्या माणसासारखे बोलावे, ही एक आस. या दोहोंच्या मध्ये नऊ वर्षे गेली.

बायकोला अर्थातच सगळे माहीत होते. बायकांना हे असते.

"अहो, नका घेऊ ती पाळी," ती म्हणाली. "खुर्च्या मांडता आहात ते काय वाईट आहे?"

"तुला काय वाटतं, मला जमणार नाही?"

"जमेल हो. ते सगळ्यांनाच जमतं. नंतर तुमचा चेहरा मला आठवडाभर बघावा लागेल, एवढंच म्हणते."

साहेबांनी तिच्याकडे दुर्लक्ष केले आणि कॅटलॉग उघडला. कॅटलॉगात चारशे रेकॉर्डची यादी होती. प्रत्येकीपुढे बारीक टाइपात वर्णन: मनोहारी, अवीट, श्रवणीय, पुन्हा मनोहारी. साहेब या शब्दांसमोर अगदी असहाय होऊन बसले. तेवढ्यात दोनशे सतराव्या क्रमांकावर त्यांची नजर थबकली. तिथे लिहिले होते: "स्कँडिनेव्हिया. महाकाव्य. मधुर सुरावटी. वजन १८० ग्रॅम." चारशेत ही एकच रेकॉर्ड अशी होती, की जिने आपले वजन जाहीर केले होते. साहेबांना भरून आले. जी कंपनी वजन लपवत नाही ती संगीतात तरी कशाला फसवेल, असा त्यांनी विचार केला आणि मागणी पाठवून दिली.

आता मसुदा. कॅटलॉगात टपालाच्या तिकिटाएवढे चित्र होते: काळा समुद्र, बर्फाचे डोंगर आणि एक जहाज. एवढ्या भांडवलावर चार पाने भरायची होती. साहेब वरच्या मजल्यावर दाताच्या डॉक्टरांकडे सल्ला मागायला गेले. डॉक्टर अनुभवी होते. त्यांनी आतापर्यंत अकरा रसग्रहणे केली होती.

"सोपं आहे," डॉक्टर म्हणाले. "उत्तरेकडे बर्फ. बर्फात आवाज होत नाही. म्हणजे शांतता. पहिलं पान शांततेवर काढा. दुसऱ्या पानावर समुद्र आणा, पण फार खवळू देऊ नका, सरांना आवडत नाही. तिसऱ्यावर एकटेपणा. चौथ्यावर आभार."

"आणि संगीताबद्दल?"

"ते मध्ये मध्ये येतंच हो."

चिटणीस म्हणजे कोपऱ्यावरचे औषधविक्रेते. त्यांनी गुरुवारी दुपारी काउंटरवरच मसुदा वाचला. एका हाताने खोकल्याचे औषध देत होते, दुसऱ्या हाताने लाल पेन्सिल चालवत होते. "भाषा चांगली आहे," ते म्हणाले. "पण संयम हा शब्द एकदाच आलाय. सरांसाठी तो तीनदा आला पाहिजे. सुरुवातीला एक, मध्ये एक, शेवटी एक. मात्रा कमी पडली तर गुण येत नाही." साहेबांनी तीनदा संयम घातला. मसुद्यावर मंजुरीचा शिक्का बसला. नियमाप्रमाणे आता त्यातला एक शब्दही बदलता येणार नव्हता.

सगळे कसे बैजवार चालले होते. अडचण एकच होती. मुख्य वस्तू हातात नव्हती, आणि ती का नव्हती, हे साहेब कोणाला सांगू शकत नव्हते.

झाले होते असे. पार्सल मंगळवारीच आले होते आणि साहेब ते आणायला पार्सल कचेरीत गेले होते. तिथल्या बाई शांत स्वभावाच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेल्या. परदेशातून आलेले पार्सल घेणाऱ्यासमोर तोलून द्यायचे, असा तिथला नियम. चिठ्ठीवर चारशे बारा ग्रॅम लिहिले होते. बाईंनी काट्यावर ठेवले, तर भरले चारशे सव्वीस.

"चौदा ग्रॅम जास्त," बाई म्हणाल्या. "असू दे. जास्तच आहे ना, कमी तर नाही. सही करा."

इथे शहाण्या माणसाने सही केली असती. पण साहेबांची नजर काट्याच्या बुडाशी गेली. तिथे तपासणीचा शिक्का असतो. त्याची मुदत चौदा महिन्यांपूर्वी संपली होती. पुढे काय झाले ते साहेबांनाही नीट आठवत नाही. पंचवीस वर्षांच्या सवयीने त्यांचा हात पिशवीत गेला, तार निघाली, शिशाची गोळी निघाली, पक्कड निघाली, आणि बाई चष्मा डोळ्यांवर चढवेपर्यंत काटा सीलबंद झाला होता.

बाईंनी सीलकडे पाहिले. मग पार्सलकडे पाहिले. मग साहेबांकडे.

"आता तुमचं पार्सल मी कशावर तोलू?"

"दुसरा काटा असेल ना?"

"होता. गेल्या वर्षी तुम्हीच सील करून गेलात."

असा स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून साहेब घरी आले. बाईंनी रीतसर फेरतपासणीचा अर्ज केला. तो बुधवारी साहेबांच्याच टेबलावर येऊन पडला. आवक क्रमांक त्रेसष्ट. त्याच्या वर बासष्ट अर्ज होते, आणि साहेब दिवसाला सहा अर्ज निकाली काढत. हाताखालचा कारकून समजूतदार होता. तो म्हणाला, "साहेब, हा आपलाच आहे. जरा वर सरकवू का?"

"आपला आहे म्हणून तर सरकवायचा नाही," साहेब म्हणाले. तोंडाने म्हणाले. हाताने मात्र वरचे बासष्ट अर्ज पुन्हा मोजून पाहिले. तत्त्वाने वागणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास तत्त्वाचाच होतो. बाकीचे लोक तेवढे त्रास देत नाहीत.

शुक्रवारी संध्याकाळी अठरा अर्ज झाले होते. रविवारी सभा. साहेबांनी खात्याची नियमपुस्तिका पहिल्यापासून वाचायला घेतली आणि शेवटी एका परिशिष्टात त्यांना वाट सापडली: काटा बंद असल्यास निरीक्षकाने खात्याचा प्रमाण तराजू प्रत्यक्ष जागी नेऊन नागरिकांची अडचण दूर करावी. हे कलम खाते स्थापन झाल्यापासून कोणी वापरले नव्हते, कारण प्रमाण तराजू काचेच्या पेटीत असतो आणि त्याला धक्का चालत नाही.

शनिवारी सकाळी मापेसाहेब ती पेटी मांडीवर घेऊन बसमध्ये बसले. प्रत्येक खड्ड्याला ते सीटवरून दोन बोटे वर उठत, म्हणजे धक्का आपल्याला बसावा, तराजूला नको. शेजारच्या बाईंनी विचारले, "आत काय, ससा आहे का?" साहेबांनी मान हलवली, बोलले असते तर हात हलला असता.

पार्सल कचेरीत पाहतात तो तेवीस माणसांची रांग. मंगळवारपासून एकाचेही पार्सल सुटले नव्हते, आणि ते कोणामुळे, हे बाईंनी कोणापासून लपवले नव्हते. एकाचे औषध अडकले होते, एकीच्या लग्नाचे बूट अडकले होते. साहेब आत शिरताच जी शांतता पसरली तिचे वर्णन मसुद्याच्या पहिल्या पानावर सहज बसले असते. साहेबांनी खाली मान घालून पेटी उघडली, तराजू समतल केला, वजने मखमलीवर मांडली आणि तोलायला सुरुवात केली. आपले पार्सल आधी तोलावे असे त्यांच्या मनात आले नाही, असे नाही. पण रांगेत ते चोविसावे होते.

नवापासून दोनपर्यंत तोलणे चालले. बूटवालीने जाताना सांगितले, की लग्न काल झाले. साहेब म्हणाले, "चुकलो," आणि पुढचे पार्सल पारड्यात ठेवले.

शेवटी त्यांचे निघाले. बरोबर चारशे बारा ग्रॅम. काटा मध्यावर येऊन असा उभा राहिला की साहेबांना उगीचच स्वतःचा अभिमान वाटला.

"आहे तरी काय यात?" बाईंनी विचारले.

"संगीत. उद्या माझं रसग्रहण आहे."

"म्हणजे काय करायचं असतं?"

"संगीत ऐकून आपल्याला काय वाटलं ते सांगायचं असतं."

"मग हे तुम्ही ऐकलंय?"

"नाही अजून. पण लिहून तयार आहे. मंजूरही झालंय."

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. "किती वाजता आहे?" त्यांनी विचारले. "मी येते. एवढ्या वर्षांत असलं काही पाहिलं नाही."

संध्याकाळी मेव्हणा आला. हा बायकोचा धाकटा भाऊ. सभासंमेलनांना ध्वनिवर्धक भाड्याने देण्याचा त्याचा धंदा. दाजींचा मोठा दिवस म्हणून तो स्वतःहून दोन स्पीकर टेम्पोत घालून घेऊन आला होता. स्पीकर माणसाच्या उंचीचे होते. "तुमच्या मंडळाच्या त्या डब्यातून काही ऐकू येत नाही, दाजी," तो म्हणाला. "आणि हे शांत संगीत म्हणता ना? मग आवाज पूर्ण वर ठेवायचा. नाही तर बारीकसारीक हरकती निसटतात." साहेबांना हे पटले. बर्फाचा आवाज ऐकायचा तर तेवढी सोय हवीच.

रविवारी दहाला इमारतीच्या तळमजल्यावरची मंडळाची खोली भरली. अकरा सभासद, पार्सलवाल्या बाई, आणि भावाच्या स्पीकरवर लक्ष ठेवायला म्हणून आलेली बायको. ती नऊ वर्षांत प्रथमच आली होती आणि दाराजवळची खुर्ची धरून बसली होती. साहेबांनी सभेसमक्ष सील फोडले. चित्र आता हातभर मोठे झाले होते. समुद्र आणखी काळा, जहाज आणखी एकटे. पाकीट हातोहात फिरले. "वा," डॉक्टर म्हणाले. साहेबांनी सुई टेकवली आणि मंजूर मसुदा मांडीवर ठेवून बसले.

पहिल्यांदा वारा आला. नुसता वारा, लांबून. त्यात लाटांचा आवाज. मग एकाच गिटारवर एकेक सूर, मध्ये पुरेसे अंतर सोडून. खोलीतले सगळे डोळे मिटले गेले. "संयम," सर पुटपुटले. चिटणिसांनी साहेबांकडे पाहून समाधानाने मान हलवली. साहेबांनी अर्ध्या सेकंदाने आपली हलवली. शांतता, समुद्र, एकटेपणा; सगळे मसुद्याबरहुकूम चालले होते.

हे दीड मिनिट चालले. मग बाकीचे आले.

टेबलावरचा पाण्याचा पेला चार बोटे पुढे सरकला. खिडकीच्या काचा वाजू लागल्या. ढोल असा वाजत होता, की वाजवणाऱ्याला चार पाय असावेत. त्यावर गिटारांची भिंत, आणि त्या भिंतीमागून एक माणूस अशा आवाजात ओरडला की डॉक्टरांनी दचकून आपल्याच जबड्याला हात लावला. त्यांच्या खुर्चीवर माणसे ओरडतात, पण इतके कोणी कधी ओरडले नव्हते. सरांचा चष्मा नाकावरून घसरला. पार्सलवाल्या बाईंनी पिशवी पोटाशी धरली.

चिटणीस उठले आणि यंत्राकडे धावले. अर्ध्या वाटेत थांबले. नियम अकरावा: वादन चालू असताना रसग्रहणकाराखेरीज कोणीही यंत्रास हात लावू नये. तो नियम त्यांनीच लिहिला होता. ते वळून साहेबांना हातवारे करू लागले: कमी करा, कमी करा. साहेब घाईघाईने उठले, कान कोंडलेले, अब्रूची लक्तरे झालेली, आणि त्यांनी बटणावर हात ठेवला.

तेवढ्यात दोन गिटारी त्या कल्लोळातून वर आल्या.

दोघी एकच सुरावट वाजवत होत्या, पण एक किंचित वर आणि एक किंचित खाली. बरोबरीने चढत होत्या, बरोबरीने वळत होत्या, आणि त्यांच्यातले अंतर काही केल्या ढळत नव्हते. खाली एवढे वादळ चालू असताना ढळत नव्हते. साहेबांचा हात बटणावर तसाच राहिला. त्यांच्या दंडावर काटा आला. आधी त्यांना वाटले, वाऱ्याची झुळूक असेल. पण खिडक्या बंद होत्या.

सुरावट वरच्या टोकाला पोहोचली आणि तिथून सगळे एकदम थांबले. त्या एका क्षणात साहेबांच्या लक्षात आले, की पुढे काय येणार याची आपण वाट पाहतो आहोत. नऊ वर्षांत त्यांनी फक्त संपायची वाट पाहिली होती. मग पन्नास माणसांचा एक समूह गाऊ लागला, सावकाश, भरदार, जणू सगळे जहाज वल्हवत आहेत आणि वल्ह्याबरोबर गात आहेत. भाषा कळत नव्हती. काही अडत नव्हते. तो खरखरीत आवाजाचा माणूस त्यांच्यामधून पुन्हा ओरडला, आणि या वेळी साहेब दचकले नाहीत, कारण त्यांना तो कळू लागला होता. काय म्हणतो आहे ते नव्हे. किती लांबून म्हणतो आहे, ते.

एवढे मोठे काहीतरी या जगात आहे आणि ते माणसांनी हाताने केले आहे, याचे त्यांना विलक्षण आश्चर्य वाटले. मोठे म्हणजे आवाजाने नव्हे. तो मेव्हण्याचा होता. पण ती सुरावट पुन्हा येई, दर वेळी जरा बदलून, जरा जास्त ओझे घेऊन, आणि दर वेळी साहेबांना वाटे, आता याच्या पुढे काही असू शकत नाही. आणि पुढे असे. दुसरे गाणे चौदा मिनिटांचे होते. चिटणीस हातवारे करून दमले आणि खाली बसले. दोन सभासद कानांत बोटे घालून बाहेर गेले. साहेबांना त्यातले काही दिसले नाही. दुसऱ्यांचे बघून हलणारी त्यांची मान आपली आपण हलत होती, आणि डोळ्यांतून पाणी गळत होते, ते पुसायचेही त्यांना सुचले नाही.

सुई उचलली गेली.

"माझा भाचा ऐकतो हे," पार्सलवाल्या बाई म्हणाल्या. "याला मेटल म्हणतात."

चिटणीस उभे राहिले. त्यांचा चेहरा चुकीचे औषध दिल्याचे नंतर लक्षात आलेल्या माणसासारखा झाला होता. "कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे," ते म्हणाले, "आता रसग्रहण. मंजूर मसुद्याप्रमाणे. त्यात बदल करता येणार नाही."

साहेब टेबलामागे गेले. ज्या जागेची नऊ वर्षे वाट पाहिली ती हीच. त्यांनी मसुदा उघडला आणि वाचले: "या संगीतात सर्वप्रथम जाणवतो तो त्यातील संयम."

मागून कोणीतरी खुदकन हसले. साहेबांनी दुसरे वाक्य पाहिले. त्यात हिमाच्छादित शांतता होती. त्यांनी कागदांची घडी घातली.

"हे मी वाचू शकत नाही," ते म्हणाले. "हे खोटं आहे. आणि हेच नव्हे, मी इथे नऊ वर्षं खोटं वागलोय. तुम्ही डोळे मिटलेत की मी मिटायचो. मला कधीच काही होत नव्हतं. मापात पाप करणाऱ्या किती लोकांवर मी खटले भरलेत, आणि दर रविवारी मी इथे बसून तेच करत होतो. मला वाटायचं, माझ्यात ते नाहीच. आज मला झालं. काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण सवय नाही. त्या दोन गिटारी वर आल्या तेव्हा मला वाटलं, मला कोणीतरी उचललं. छप्पन्नाव्या वर्षी माणसाला कोणी उचलत नाही. मला भीती वाटली. आणि ते थांबलं तेव्हा वाटलं, पुन्हा उचला. एवढंच. याला रसग्रहण म्हणत नसतील. पण वजन बरोबर आहे."

दाताच्या डॉक्टरांनी घड्याळ पाहिले आणि पेशंट ताटकळत असतील असे म्हणाले. रविवारी त्यांचा दवाखाना बंद असे. त्यांच्या मागोमाग आणखी काही जण उठले. चिटणिसांनी उभ्या उभ्या कार्यवृत्तात लिहिले, की मंजूर मसुदा न वाचल्याबद्दल या सभासदाचे नाव रसग्रहणकारांच्या यादीतून कायमचे कमी करण्यात येत आहे. ते त्यांनी मोठ्याने वाचून दाखवले आणि दुकान उघडायला निघून गेले. साहेबांनी "बरोबर आहे" म्हटले. त्यांना खरेच बरोबर वाटले.

खोलीत आता रिकाम्या खुर्च्या उरल्या. पार्सलवाल्या बाई जागच्या हलल्या नव्हत्या. बायको दाराजवळून उठली आणि पहिल्या रांगेत येऊन बसली. तिने नवऱ्याकडे असे पाहिले, जसे लग्न झाल्यावर पहिल्या महिन्यात पाहत असे. मधल्या काळात ते तसे पाहणे बंद पडले होते.

आणि सर बसले होते. ताठ, दोन्ही हात काठीवर ठेवून. ते रागावले असणार, आता बोलतील, असे साहेबांना वाटले, आणि सर उभे राहिले.

"मापेसाहेब," सर म्हणाले. "तो जो ओरडणारा माणूस आहे. शेवटी, ते सगळे गात असताना. तो रागावलाय की रडतोय?"

सरांनी चाळीस वर्षे शाळेत प्रश्न विचारले होते आणि प्रत्येकाचे उत्तर त्यांना आधीपासून माहीत असायचे. या वेळी ते उत्तराची वाट पाहत होते.

"मला सांगता येणार नाही, सर," मापेसाहेब म्हणाले. "मी स्वतःच रडत होतो. त्याच्याकडे नीट लक्ष नव्हतं."

सरांनी मान हलवली. काठी बाजूला ठेवली, आणि आपली खुर्ची दोन्ही हातांनी ओढत स्पीकरच्या अगदी पुढ्यात आणली.

"मग दुसरी बाजू राहू द्या," ते म्हणाले. "हीच परत लावा."